यूरोलॉजिस्टकडे कशासाठी जायचं आणि किती घाईनं जायचं

शल्यक

लघवीची तक्रार घेऊन माणूस आधी फॅमिली डॉक्टरकडे जातो, ते योग्यच. पुढे पाठवायची वेळ आली की मात्र यूरोलॉजिस्ट की नेफ्रोलॉजिस्ट यात हमखास गल्लत होते, म्हणून हा धागा.

नेफ्रोलॉजिस्ट हा फिजिशियन. मूत्रपिंडाचं रक्त गाळायचं काम बिघडलं, म्हणजे रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडानं गाळून टाकायचा कचरा) चढलं, लघवीतून प्रथिनं जायला लागली, अंगावर सूज आली, डायलिसिसची वेळ आली, तर त्याच्याकडे. यूरोलॉजिस्ट हा सर्जन. लघवी तयार झाल्यापासून ती बाहेर पडेपर्यंतची सगळी वाट त्याच्याकडे: मूत्रपिंड, मूत्रवाहिनी, मूत्राशय, मूत्रमार्ग. शिवाय पुरुषांचे प्रोस्टेट, वृषण, शुक्रवाहिनी आणि शिश्न. मूत्रपिंडातली गाठ काढणारा तोच. 'पुरुषांचा डॉक्टर' हा समज मात्र चुकीचा आहे. बायकांचे मुतखडे, पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग, खोकताना लघवी सुटणं, लहान मुलांमधले जन्मजात दोष हे सगळं त्याच्याच कामाचं.

या शाखेत पहिला प्रश्न एकच असतो: वाट कुठे अडली आहे का, आणि अडलेल्या जागेच्या मागे जंतू आहेत का? खडा किती मिलिमीटरचा, प्रोस्टेट किती ग्रॅमचं, हे प्रश्न नंतरचे. रिपोर्टवरचा आकडा पाहून घाबरलेले लोक खूप दिसतात, आणि थंडी वाजून ताप आलेला असताना 'खडा लहानच आहे' म्हणून घरी थांबलेलेही दिसतात. धोका या घरी थांबलेल्यांना जास्त असतो.

तासांचा हिशोब असलेल्या गोष्टी आधी सांगतो.

कंबरेत कळ आणि सोबत थंडी-ताप: खड्यानं अडलेल्या मूत्रपिंडात पू होतोय असं धरून चालायचं. यात जंतू थेट रक्तात उतरतात, रक्तदाब घसरतो. अशा वेळी खडा काढत बसत नाहीत. फक्त लघवीला वाट करून देतात, आतून स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची मऊ नळी) घालून किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी टाकून. खडा नंतर, संसर्ग निवळल्यावर.

मुलाच्या किंवा तरुणाच्या एका वृषणात अचानक उठलेली तीव्र वेदना: वृषणाला पीळ बसल्याची शक्यता. पहिल्या ६ तासांत पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचतं, पुढे प्रत्येक तासाला शक्यता घटत जाते.

लघवी पूर्ण कोंडणं. चार तासांहून जास्त वेळ न उतरणारा ताठरपणा. मागे ओढलेली शिश्नावरची कातडी पुढे न येणं आणि टोक सुजणं. मधुमेही माणसाच्या अंडकोषाची किंवा गुदद्वाराजवळची कातडी झपाट्यानं काळी पडणं आणि सोबत असह्य दुखणं. यातलं काहीही सकाळपर्यंत थांबवायचं नाही.

बाकीच्यांनी आपापल्या बाजूनं भर घालावी.

पाणपोई

पीळ बसण्याबद्दल एक जोडतो. १२ ते १८ या वयातली मुलं लाजेपोटी नेमकी जागा सांगत नाहीत. 'पोट दुखतंय' म्हणतात आणि उलट्या करतात. म्हणून या वयातल्या मुलाच्या अचानक पोटदुखीत खालची तपासणी झालीच पाहिजे. दुखणाऱ्या बाजूचं वृषण वर ओढलेलं आणि आडवं झालेलं दिसतं, मांडीच्या आतल्या बाजूला हलकं ओरखडल्यावर ते वर सरकत नाही. मुलाला काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागणार आहे.

शल्यक

@पाणपोई, अगदी बरोबर. आणि डॉप्लर सोनोग्राफी (रक्तप्रवाह दाखवणारी) लगेच होत नसेल तर तिच्यासाठी थांबायचं नाही. लक्षणं स्पष्ट असतील तर थेट शस्त्रक्रिया. उघडून पाहिलं आणि पीळ नव्हता, तर एका छोट्या टाक्याचा त्रास होतो. पीळ होता आणि उशीर झाला, तर अवयव जातो. शस्त्रक्रियेत दुसऱ्या बाजूचं वृषणही टाके घालून स्थिर करतात, कारण ज्या रचनेमुळे एकीकडे पीळ बसला ती बहुधा दोन्हीकडे असते.

क्ष_किरण

खड्यांच्या तपासण्यांबद्दल लिहितो.

सोनोग्राफी मूत्रपिंडातली सूज चांगली दाखवते. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा मात्र आतड्यातल्या हवेमुळे बऱ्याचदा निसटतो. लहान खड्याचं माप ती मोठं दाखवते. '३ मिमी काँक्रिशन' (खड्यासारखा बारीक कण) असं लिहून आलेल्या रिपोर्टवर स्वतंत्र उपचार बहुधा नसतातच. साध्या एक्स-रेमध्ये कॅल्शियमचे खडे दिसतात, युरिक ॲसिडचे दिसत नाहीत. नेमकी जागा आणि माप हवं असेल तर डाय न देता केलेलं सीटी, तेही कमी डोसचं. गरोदरपणात सीटी टाळून सोनोग्राफी.

सीटीच्या रिपोर्टमध्ये खड्याच्या मापाइतकीच महत्त्वाची आणखी दोन माहिती असते. एक, हाउन्सफील्ड युनिट, म्हणजे खड्याची घनता. १००० च्या वर असेल तर बाहेरून दिलेल्या लहरींनी तो नीट फुटत नाही. दोन, खड्याच्या वरच्या भागात सूज किती. रिपोर्ट मागताना फिल्मसोबत सीडीही घ्या. सर्जनला नुसती लेखी ओळ पुरत नाही, त्याला स्वतः चित्र फिरवून पाहायचं असतं.

औषधपेटी

७ मिमीचा खडा मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला, ताप नाही, सूज थोडी. यात किती दिवस वाट पाहतात? टॅम्सुलोसिनच्या (वाटेचे स्नायू सैल करणारी गोळी) चिठ्ठ्या कधी दोन आठवड्यांच्या येतात, कधी दोन महिन्यांच्या.

शल्यक

@औषधपेटी, मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंमी लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिमी रुंद. खडा अडकायच्या तीन ठरलेल्या जागा: मूत्रपिंडातून निघतानाचं तोंड, जांघेकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडतानाची जागा, आणि मूत्राशयात शिरायची जागा. शेवटची सगळ्यात अरुंद. ५ मिमीच्या आतले बहुतेक खडे आपणहून पडतात. ५ ते १० मध्ये साधारण निम्मे, तेही खालच्या टोकाला आलेले असतील तर. १० च्या वर वाट पाहण्यात फारसा अर्थ नाही.

तुम्ही दिलेल्या उदाहरणात टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम रोज रात्री, जास्तीत जास्त ४ आठवडे. वेदनेला डायक्लोफिनॅकसारखं औषध, पण मूत्रपिंड आधीच अशक्त असेल, पोटात व्रण असेल किंवा गरोदरपण असेल तर ते चालत नाही. ४ ते ६ आठवड्यांत खडा पडला नाही तर काढायचा.

इथे एक गोष्ट फार घात करते. कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नाही. अडथळा जुना झाला की मूत्रपिंड लघवी कमी बनवतं, आतला दाब उतरतो, दुखणं थांबतं. माणूस निर्धास्त होतो आणि काही महिन्यांनी सोनोग्राफीत मूत्रपिंडाच्या जागी पातळ कातडीची पिशवी उरलेली दिसते. खडा हातात आला नसेल तर वेदना असो-नसो, पुन्हा तपासणी हवीच. लघवी बारीक जाळीच्या गाळणीतून करावी, पडलेला खडा कोरड्या डबीत ठेवून प्रयोगशाळेत द्यावा.

आणि कळ उठलेली असताना लिटरलिटर पाणी ढोसू नका. पाण्याच्या जोरानं खडा ढकलला जात नाही, वरचा दाब आणि वेदना तेवढी वाढते. पाणी हा खडा पुन्हा न होण्याचा उपाय आहे.

काचपट्टी

पाण्याचं माप पिण्यावरून नव्हे, लघवीवरून मोजा: २४ तासांत किमान अडीच लिटर लघवी. उन्हात काम करणाऱ्याला त्यासाठी चार लिटर प्यावं लागेल, बसून काम करणाऱ्याला तीन पुरेल.

वारंवार खडे होणाऱ्यांना २४ तासांची लघवी गोळा करायला सांगतात. ती निम्म्या वेळा चुकीची येते. पद्धत अशी: सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची, समजा ७. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ची धरून प्रत्येक लघवी कॅनमध्ये. शौचाला जाताना होणारी लघवी हमखास सुटते, तेव्हा आधी कॅनमध्ये लघवी करून मग बसायचं. कॅनमध्ये प्रयोगशाळेनं आधीच ॲसिड घातलेलं असेल तर थेट कॅनमध्ये न करता भांड्यात करून ओतायची. नेहमीचं खाणं-पिणं बदलायचं नाही. त्या दिवसापुरतं शहाण्यासारखं वागलात तर रिपोर्ट त्या दिवसाचाच येईल.

आणि 'खडा कॅल्शियमचा म्हणून दूध बंद' हा सल्ला कृपया देऊ नका. आहारातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला (अन्नातून येणारा, खडा बनवणारा क्षार) धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. ते बंद केलं की मोकळं ऑक्झलेट लघवीत उतरतं आणि खडे वाढतात. दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहारातून यायलाच हवं. कमी करायचं ते मीठ. लघवीतून सोडियम जास्त गेलं की त्याच्या मागोमाग कॅल्शियमही जातं.

शल्यक

+१. शुद्ध युरिक ॲसिडचा खडा तर शस्त्रक्रियेशिवाय विरघळू शकतो. पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीचा पीएच ६.५ ते ७ च्या दरम्यान ठेवायचा, घरी पट्टीवर दिवसातून दोन-तीनदा मोजायचा. पोटॅशियमवर लक्ष हवं, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर. पीएच ७ च्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर फॉस्फेटचे थर बसायला लागतात.

खडा काढायच्या पद्धती थोडक्यात. बाहेरून लहरी, माणसावर पहिल्यांदा १९८० मध्ये म्युनिकमध्ये वापरल्या: मूत्रपिंडातल्या २ सेंमीपर्यंतच्या, फार घट्ट नसलेल्या खड्यासाठी. गरोदरपण, रक्त पातळ करणारी औषधं चालू असणं किंवा संसर्ग असेल तर नाही. लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून लेझर: मूत्रवाहिनीतले खडे, आणि लवचिक दुर्बिणीनं मूत्रपिंडातले साधारण २ सेंमीपर्यंतचे. पाठीतून भोक पाडून: २ सेंमीच्या वरचे आणि शिंगांसारखे फांद्या फुटलेले. 'लेझरनं करा, चिरफाड नको' असा आग्रह धरून मोठ्या खड्यासाठी तीन-तीनदा भूल घेण्यापेक्षा पाठीतून एका बैठकीत काढलेला बरा, असं माझं ठाम मत आहे.

वॉर्ड_सिस्टर

स्टेंटबद्दल मी लिहिते, कारण घरी गेल्यावर सगळ्यात जास्त फोन त्याचेच येतात.

डीजे स्टेंट म्हणजे दोन्ही टोकांना वेटोळं असलेली मऊ नळी. प्रौढांना बहुधा २४ किंवा २६ सेंमी लांब, ५ किंवा ६ फ्रेंच जाडीची. ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी, यावरून अंदाज येईल. वरचं वेटोळं मूत्रपिंडात, खालचं मूत्राशयात. खालचं टोक मूत्राशयाच्या भिंतीला घासतं म्हणून सारखी लघवीला लागते, चालल्यावर किंवा प्रवासानंतर लघवी लालसर होते, लघवी करताना कंबरेत कळ जाते कारण दाबानं लघवी स्टेंटमधून उलटी वर चढते. हे सगळं अपेक्षित आहे. पाणी वाढवा, धावपळ कमी करा, डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या. जोर लावून लघवी करू नका.

कळवायचं केव्हा: ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप किंवा थंडी, रक्ताच्या गाठी, लघवी अडणं, किंवा सतत गळणं (स्टेंट खाली सरकून मूत्रमार्गात आलेला असू शकतो).

आणि सगळ्यात महत्त्वाचं: तो काढायची तारीख. दुखणं थांबलं की स्टेंट आत आहे हेच विसरलं जातं. नेहमीचे स्टेंट साधारण तीन महिन्यांच्या आत काढतात किंवा बदलतात. त्यापुढे त्यावर खड्याचे थर चढतात, नळी ठिसूळ होते, ओढताना तुटते. मग पाच मिनिटांचं काम दोन-तीन शस्त्रक्रियांचं होतं. डिस्चार्ज कार्डावर 'स्टेंट आहे' आणि काढायची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये आठवण लावा.

पाणपोई

प्रोस्टेटकडे वळू या. सोनोग्राफीत '४५ ग्रॅम, ग्रेड २' असं आलं की लोक ऑपरेशनबद्दल विचारायला लागतात.

शल्यक

आकार आणि त्रास यांचा थेट संबंध नाही. ३० ग्रॅमचं प्रोस्टेट लघवी पूर्ण कोंडू शकतं आणि ९० ग्रॅमचं बिनबोभाट राहू शकतं. वाढ बाहेरच्या दिशेला की मूत्रमार्गावर दाब देणारी, मधला लोब मूत्राशयात झडपेसारखा घुसलाय का, यावर सगळं ठरतं.

त्रास मोजायला सात प्रश्नांची ठरलेली प्रश्नावली आहे. ०-७ सौम्य, ८-१९ मध्यम, २०-३५ तीव्र. मग धारेची तपासणी. मूत्राशयात (लघवीच्या पिशवीत) निदान १५० मिली लघवी असताना केली तरच ती ग्राह्य. कमाल वेग सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर बहुधा ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळ्याची शक्यता मोठी. पण मूत्राशयाचा स्नायूच थकलेला असला तरी वेग कमी येतो, हे लक्षात ठेवा. लघवी झाल्यावर आत किती उरली हे सोनोग्राफीनं पाहायचं. इथे एक सर्रास होणारी गडबड: सोनोग्राफीसाठी लिटरभर पाणी प्यायला लावून पिशवी तट्ट फुगेपर्यंत थांबवतात. मग कुणाचीही लघवी पूर्ण उतरत नाही आणि '१८० मिली उरली' असा रिपोर्ट येतो. नेहमीइतकी लागली असताना करून पुन्हा पाहायला सांगा.

आलेखाचा आकारही बोलतो. निरोगी धार घंटेच्या आकाराची. मूत्रमार्ग आकसला असेल तर आलेख सपाट पठारासारखा, बराच वेळ लांबलेला. चाळिशीच्या आतल्या पुरुषाची धार बारीक झाली असेल तर प्रोस्टेटच्या गोळ्या सुरू करण्याआधी हे तपासा. आकसलेल्या जागेचा निकाल मूत्रमार्गात डाय भरून काढलेल्या एक्स-रेवर लागतो. एकदा दुर्बिणीनं चिरा देणं ठीक. पुन्हा आकसला तर वारंवार चिरे देण्यात आणि सळ्या घालण्यात व्रण वाढत जातो. तेव्हा गालाच्या आतलं अस्तर लावून मूत्रमार्ग नव्यानं बांधणं हा टिकाऊ उपाय.

औषधपेटी

प्रोस्टेटच्या गोळ्यांबाबत.

टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन: स्नायू सैल करतात, काही दिवसांत फरक. पहिले काही दिवस झटकन उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते. वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाणं सिलोडोसिनमध्ये जास्त दिसतं, निरुपद्रवी आहे पण आधी सांगायला हवं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती हे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगाच. बुबुळाचा पडदा ऑपरेशनमध्ये ढिला पडतो, आधी कळलं तर ते तयारी ठेवतात.

फिनास्टेराइड ५ मिलिग्रॅम, ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम: ग्रंथी आकसवतात. परिणामाला सहा महिने लागतात, त्यामुळे महिन्याभरात 'काही उपयोग नाही' म्हणून सोडू नये. मोठ्या ग्रंथीतच उपयोग. सहा महिन्यांनंतर पीएसए (प्रोस्टेटमध्ये बनणारं, रक्तात मोजतात ते प्रथिन) साधारण निम्मं होतं, म्हणून रिपोर्टमधला आकडा दुप्पट करून वाचायचा. केसांसाठी घेतलेल्या १ मिलिग्रॅमच्या फिनास्टेराइडनंही पीएसए उतरतं. पीएसए सांगणाऱ्या डॉक्टरला ही गोळी माहीत असायलाच हवी.

सर्दीच्या गोळ्या: स्यूडोएफेड्रिन आणि झोप आणणारी ॲलर्जीची औषधं यांनी प्रोस्टेटवाल्यांची लघवी कोंडते. दुकानातून परस्पर घेऊ नका.

सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल (ताठरपणासाठीच्या गोळ्या) आणि छातीत दुखण्यासाठीची नायट्रेटची गोळी एकत्र कधीही नाही. रक्तदाब कोसळतो. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट चालत नाही, म्हणून छातीत दुखून दवाखान्यात गेलात तर न लाजता सांगा.

काचपट्टी

पीएसए कशानं वाढतं तेही इथेच लिहिते, कारण अवेळी केलेली ही तपासणी माणसाची झोप उडवते. लघवीचा संसर्ग, लघवी कोंडणं, कॅथेटर (मूत्राशयात घातलेली नळी), नुकतीच झालेली दुर्बिणीची तपासणी, दोन दिवसांत झालेलं वीर्यस्खलन, लांबची सायकल. संसर्गानंतर निदान सहा आठवडे थांबून करा. एका वाढलेल्या आकड्यावर निर्णय नसतो, आधी तीच तपासणी पुन्हा.

शल्यक

पुन्हाही जास्तच आलं तर गुदद्वारातून बोटानं तपासणी, मग एमआरआय. त्यात १ ते ५ असे गुण देतात. ४-५ ला तुकडा तपासणी (बायॉप्सी), ३ ला इतर गोष्टी पाहून. तुकडा गुदद्वारातून घेण्यापेक्षा अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या कातडीतून घेतला तर जंतुसंसर्ग कमी. कर्करोग निघाला तरी सगळ्यांना उपचार लागत नाहीत. सगळ्यात सौम्य गटात, ग्लीसन ६ मध्ये (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा गुण), ठरलेल्या अंतरानं पीएसए, एमआरआय आणि तुकडा तपासणी करत लक्ष ठेवणं हा पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असतो. ते दुर्लक्ष नव्हे.

पाणपोई

लघवीतून रक्त, पण दुखत नाही, आणि दोन दिवसांत थांबलंही. माझ्या मते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं लक्षण हे. याबद्दल लिहा.

शल्यक

दुखत नाही म्हणूनच जास्त काळजीचं. चाळिशीपुढचा माणूस, धूम्रपान करणारा, रंग-रबर-चामडं यांच्या रसायनांत काम केलेला, यांच्यात न दुखता दिसलेलं रक्त म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत मूत्राशयाचा कर्करोग. एकदा दिसलं आणि थांबलं तरी तपासणी पूर्ण करायची: मूत्रपिंडापासून खालपर्यंत डाय देऊन सीटी आणि दुर्बिणीनं मूत्राशय आतून पाहणं. नुसती सोनोग्राफी चांगली आली म्हणून थांबू नका, चपट्या गाठी तिच्यात दिसत नाहीत. 'रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यानं असेल' हेही कारण धरू नका. त्या गोळीनं आतली गाठ लवकर उघडी पडते, इतकंच.

रक्त धारेच्या सुरुवातीला येतं (मूत्रमार्ग), शेवटी येतं (मूत्राशयाची मान, प्रोस्टेट) की पूर्ण धार लाल (मूत्राशय किंवा त्यावरचा भाग), हे पाहून ठेवा. शेवयांसारख्या लांब गाठी पडत असतील तर रक्त बहुधा मूत्रवाहिनीच्या साच्यातून, म्हणजे वरून आलेलं. बीट किंवा रिफॅम्पिसिननंही (क्षयाचं औषध) लघवी लाल-केशरी होते, पण ते मायक्रोस्कोपखाली लाल पेशी नाहीत हे पाहूनच ठरवायचं.

गाठ दुर्बिणीतून खरवडून काढतात. रिपोर्ट आला की त्यात एक ओळ शोधा: नमुन्यात स्नायूचा थर आला आहे का? आला नसेल तर गाठ किती खोल गेली हे सांगता येत नाही. अशा वेळी, आणि आक्रमक प्रकारात, २ ते ६ आठवड्यांत पुन्हा खरवडतात. स्नायूपर्यंत न गेलेल्या पण परत उगवायचा धोका असलेल्या गाठींना बीसीजी, तीच क्षयाची लस, मूत्राशयात सोडतात: आठवड्याला एक अशी सहा वेळा, मग पुढचे टप्पे.

वॉर्ड_सिस्टर

बीसीजीच्या दिवशी: चार तास आधीपासून पाणी कमी, म्हणजे औषध आत दोन तास धरता येतं. कॅथेटर घालताना रक्त आलं किंवा ताप असेल तर त्या दिवशी औषध देत नाहीत. घरी गेल्यावर सहा तास पुरुषांनीही बसूनच लघवी करावी, प्रत्येक वेळी भांड्यात ब्लीच ओतून १५ मिनिटांनी फ्लश. जळजळ आणि किंचित कणकण एक-दोन दिवस चालते. ताप ३८.५ च्या वर गेला किंवा टिकून राहिला तर लगेच कळवायचं, कारण जिवंत जंतूंची लस आहे.

क्षितिजा

फिजिओथेरपीच्या बाजूनं: लघवी सुटण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखा. खोकताना, शिंकताना, वजन उचलताना सुटते ती ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले झाल्यामुळे. एकदम जोराची लागून वाटेतच होते ती मूत्राशयाच्या अवेळी आकुंचनामुळे. पहिल्यात व्यायाम हा मुख्य उपचार: वारा अडवल्यासारखे स्नायू आत-वर ओढायचे, ८ सेकंद धरायचे, तितकेच सैल सोडायचे. अशी ८ ते १२ आवर्तनं, दिवसातून तीन वेळा, किमान तीन महिने. श्वास रोखला, पोट-मांड्या आवळल्या की व्यायाम वाया जातो. लघवीची धार मध्येच तोडून सराव करू नका, पिशवी पूर्ण रिकामी न होण्याची सवय लागते.

डॉक्टरकडे जाण्याआधी तीन दिवसांची नोंद करा: वेळ, किती प्यायलं, किती मिली लघवी झाली (मापाच्या भांड्यात), किती वेळा सुटली, झोपायची आणि उठायची वेळ. रात्रीची अधिक सकाळची पहिली लघवी मिळून २४ तासांच्या एक तृतीयांशाहून जास्त असेल, तर वयस्क माणसाचा रात्रीचा त्रास प्रोस्टेटचा नसून रात्री लघवी जास्त बनण्याचा आहे. पायांवरची सूज, झोपेत श्वास अडकणं, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी ही तिथली कारणं. प्रोस्टेटचं ऑपरेशन करून ते उठणं थांबत नाही.

शल्यक

ही तीन दिवसांची नोंद मला रिपोर्टच्या जाड फाइलपेक्षा जास्त उपयोगी वाटते.

पाणपोई

उन्हाळी लागली की लोक कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहायची तपासणी) न करता अँटिबायोटिक घेतात, त्याबद्दल काचपट्टी यांनी लिहावं.

काचपट्टी

औषध सुरू करण्याआधी नमुना. स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत. झाकणाच्या आत बोट लागू द्यायचं नाही. एका तासात प्रयोगशाळेत, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ४ अंशांवर, २४ तासांच्या आत. खोलीत चार तास पडलेल्या डबीत जंतू वाढतात आणि नसलेला संसर्ग दिसतो. 'मिश्र वाढ' असा रिपोर्ट म्हणजे बहुधा नमुना चुकला, पुन्हा द्या.

जंतू आहेत पण लक्षणं नाहीत, तर गरोदरपण आणि लघवीच्या मार्गातली नियोजित शस्त्रक्रिया सोडल्यास बहुधा औषध नको. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयाच्या संसर्गाला उत्तम, पण मूत्रपिंडाच्या मांसल भागात पुरेसं पोचत नाही. थंडी-ताप असेल तर ते घेऊन घरी बसू नका.

पाणपोई

लहान मुलांचं राहिलं. वृषण खाली न उतरलेल्या बाळात सहा महिन्यांपर्यंत वाट पाहायची, त्यानंतर ते आपणहून उतरत नाही. शस्त्रक्रिया वर्ष-दीड वर्षाच्या आत व्हावी. शिश्नाची कातडी लहानपणी मागे न जाणं नैसर्गिक आहे. आंघोळीत जोरानं मागे ओढली की चिरा पडतात, व्रण भरताना ती खरोखर आकसते. आणि मुलाची लघवी थेंबथेंब, जोर करून होत असेल तर मूत्रमार्गातल्या जन्मजात पडद्याचा विचार आधी, त्यात दोन्ही मूत्रपिंडांना धोका असतो.

औषधपेटी

एक शेवटचं. लघवी कोंडल्यावर कॅथेटर घालून घरी पाठवलेल्यांना काय सांगता? बाजूनं गळायला लागली की नातेवाईक जाड कॅथेटर मागायला येतात.

वॉर्ड_सिस्टर

@औषधपेटी, जाड कॅथेटर देऊ नका. बाजूनं गळण्याची नेहमीची कारणं क्रमानं पाहायची: नळीला पीळ पडलाय का, पिशवी मूत्राशयापेक्षा वर टांगलीय का, बद्धकोष्ठ आहे का, पिशवीत लघवी येतेय की नळी चोंदलीय. चारही ठीक असतील तर मूत्राशय आकुंचन पावतोय, त्याला वेगळी गोळी असते. जाड नळीनं ते वाढतं. प्रौढ पुरुषाला १४ किंवा १६ फ्रेंच पुरतो.

फुगा फुगवायला निर्जंतुक पाणीच, किती मिली ते नळीच्या फाट्यावर लिहिलेलं असतं. सलाइननं आत स्फटिक जमून फुगा उतरत नाही. पुरुषांत नळी फाट्यापर्यंत आत गेल्याशिवाय आणि लघवी आल्याशिवाय फुगा फुगवायचा नाही, नाहीतर तो मूत्रमार्गातच फुगतो आणि फाडतो. काम झाल्यावर मागे घेतलेली कातडी पुढे आणून ठेवायची, हे राहिलं तर टोक सुजतं.

घरी: नळी मांडीला चिकटवून ठेवा, पिशवी जमिनीला टेकू देऊ नका, दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. रोज साबण-पाण्यानं तोंडाजवळची नळी पुसा, क्रीम किंवा जंतुनाशक नको. ताप नसताना पिशवीतल्या लघवीचं कल्चर करू नका, जंतू निघणारच. करायची वेळ आलीच तर नमुना नळीवरच्या पोर्टमधून घेतात, पिशवीतून कधीच नाही. प्रोस्टेटमुळे अचानक कोंडली असेल तर गोळी सुरू करून दोन-तीन दिवसांनी सकाळी कॅथेटर काढतात, म्हणजे दुपारपर्यंत लघवी होते की नाही ते दवाखाना उघडा असतानाच कळतं.